वरच्या कप्प्यातली दहा अंडी

आमच्या प्रयोगशाळेत अंड्याला खिडकी पाडावी ती मदतनीस मावशींनीच. आधी सुईने थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे आतलं पिल्लू खाली बसतं. मग बारीक कात्रीने कवचाला नाण्याएवढं भोक. मावशी पूर्वी कपडे शिवायच्या, त्यांचा हात जरा म्हणून हलत नाही. मी पाडलेल्या खिडक्यांतली निम्मी पिल्लं मरायची आणि खापर मी अंडीवाल्यावर फोडायचे. माझं डोकं पहिल्यापासूनच गरम.

पंख कसा फुटतो, हे माझं काम. 'वाढ' असा निरोप घेऊन एक पदार्थ पेशीच्या दाराशी येतो. दारातलं प्रथिन तो निरोप घेऊन आतल्या दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला, असा तो पेशीच्या केंद्रापर्यंत जातो. त्या साखळीतल्या एका प्रथिनाला मी औषधाने गप्प बसवत होते. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, आमच्याकडे ते काम सासूबाई करायच्या, कुठलाही निरोप त्यांच्यापाशीच थांबायचा.

औषधाच्या अंड्यांत पंख निम्मेच वाढत. चार महिने दरवेळी तेच. शुक्रवारी शोधनिबंध छापायला जाणार होता आणि त्यावर माझी कायमची नोकरी ठरणार होती. मी हवेतच होते.

त्याच्या दहा दिवस आधी मावशींनी सुचवलं की औषधाची अंडी मी नेहमी उबवणीपेटीच्या वरच्या कप्प्यात ठेवते, बिनऔषधाची खालच्या, आणि दाराची फट वरच असल्याने तो वरचा कप्पा थंड असतो. खालच्या कप्प्यातला तापमानाचा काटा तर बरोबर दाखवत होता. तुम्ही खिडक्या पाडा, विज्ञान मी बघते, असं म्हणून मी त्यांना उडवून लावलं.

गुरुवारी दुपारी त्यांनी माझ्यापुढे दहा अंडी ठेवली. औषधाचा थेंबही न घातलेली, पण वरच्या कप्प्यात वाढलेली. मी भिंगातून पाहिलं. पंख लहान.

"नुसता पंख नाही, ताई," त्या म्हणाल्या. "डोळाही लहान आहे. अख्खं पिल्लूच मागे पडलंय."

मी जुने फोटो काढले. प्रत्येकात डोळा लहान. चार महिने मी पंखापलीकडे बघितलंच नव्हतं. आधी मावशींचाच राग आला, मग स्वतःची लाज वाटली.

खोलीत आम्ही दोघीच होतो. टेबल पुसत त्या म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

मी फोटो उचलले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या खोलीत गेले. निबंध थांबला, जागा दुसऱ्याला मिळाली. घरी जाऊन मी पोटभर रडले.

सोमवारी नवी अंडी आली. मावशींना म्हटलं, या खेपेला औषध तुम्ही घाला, दोन्ही कप्प्यांत अंडी मिसळून ठेवा, कोणत्यात काय आहे ते तुमच्याच वहीत राहू दे.

"मी हात जोडून विचारलं तरी सांगू नका," मी म्हणाले.

"ओरडलात तरी नाही सांगणार," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कात्री हातात घेतली.