तिसऱ्या कडीजवळचा चरा

हे मी विवेकलाही सांगितलेलं नाही. विवेक म्हणजे माझा नवरा. एकतीस वर्षं एका छपराखाली आहोत, माझ्या गुडघ्यांचे एक्सरे त्याने पाहिलेत, माझे सगळे पासवर्ड त्याला पाठ आहेत. पण हे नाही. एकदा गाडीत सांगायला तोंड उघडलं होतं, आणि मग म्हटलं, “पुढच्या एक्झिटला घे, कॉफी पिऊ.” कॉफी प्यायलो आणि घरी आलो.

आधी विषय सांगते, म्हणजे काय हसायचं ते हसून घ्या. मी मासे धरायचे रॉड बनवते. तेही साधे नाहीत, बर्फावरचे. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी, माझं एक टेबल आहे. ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. घरी आले की हे. विवेकला या मासेमारीचं वेड लागलं आमच्या इथल्या सहाव्या-सातव्या हिवाळ्यात. त्याचा आणि अजून पाच-सहा मराठी घरांचा ग्रुप जमला. दर शनिवारी दोन तास ड्राइव्ह करून विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि त्या भोकाकडे बघत बसायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा थालीपिठं दगड झाली आणि पायाची बोटं गेली की आहेत ते कळेना. पण विवेकचा रॉड तुटला होता, तो मी घरी आणून जोडला. तिथून सुरुवात.

हे रॉड आखूड असतात, साधारण हातभर. आणि एकच रॉड सगळ्याला चालत नाही, हे मला फार आवडलं. ब्लूगिल नावाचा तळहाताएवढा मासा आमिषाला नुसतं हुंगून जातो, त्याच्यासाठी टोक इतकं मऊ लागतं की श्वास लागला तरी हलावं. वॉलाय मोठा, त्याच्यासाठी टोक चपळ पण अंग ताठ. तंबूत बसणाऱ्याला आखूड रॉड, उघड्यावर उभं राहणाऱ्याला लांब. गळाचा दोर रॉडवरच्या कड्यांमधून ओवलेला असतो; उघड्यावर दोराबरोबर येणारं पाणी त्यांत गोठतं, म्हणून त्याच्या कड्या मोठ्या. जाड हातमोजे घालणाऱ्याला मूठ जाड. मी प्रत्येकाचा हात मोजायचे. “मेधाकाकूंचा रॉड” म्हणून ग्रुपमध्ये बोलबाला झाला. लोक नाव घेत होते, आणि मला ते हवं होतं. फार हवं होतं. ऑफिसात वीस वर्षांत माझं नाव कुणी असं घेतलं नव्हतं.

मग अनघा आली.

पुण्याची मुलगी, अठ्ठावीस वर्षांची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे तिला इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. तिकडे ती आर्किटेक्ट होती, इथे दिवसभर अपार्टमेंटच्या खिडकीत. पहिल्यांदा घरी आली तेव्हा म्हणाली, “मावशी, मी आज सकाळपासून कुणाशी तरी पहिल्यांदा बोलतेय.” दुपारचे चार वाजले होते. मला तिची दया आली. लिहून ठेवा हं, दया आली होती, म्हणजे मी अगदीच वाईट नव्हते. की दया करायला मला आवडत होतं, कारण दया करणारा वर असतो? आता वाटतं, तेच असावं.

तिला मी बेसमेंटमध्ये नेलं आणि सगळं शिकवलं. ब्लँक म्हणजे रॉडची नुसती काडी. तिला वाकवली की ती एका बाजूला वळून बसते, ती तिची पाठ. कड्या त्या पाठीच्या सरळ रेषेत बसवायच्या, नाहीतर मासा ओढताना रॉड हातात पिळतो. कडी बसवली की तिच्या पायांवर बारीक दोरा गुंडाळायचा, एकाला एक चिकटून, मग त्यावर एपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवल्यावर काचेसारखं कडक होणारं रसायन, लावायचं आणि रॉड मोटरवर सावकाश फिरत ठेवायचा, म्हणजे ते एका बाजूला ओघळत नाही. आणि पहिल्याच दिवशी सांगितलं — दोऱ्याचं उरलेलं टोक कापताना पातं ब्लँकला लागू द्यायचं नाही. ही कार्बनची काडी असते. तिच्यावर केसाएवढा चरा पडला तर दिसत नाही, पण भार आला की ती तिथेच तुटते. नव्या माणसाच्या हातून हे हटकून होतं. माझ्या पहिल्या तीन रॉडचं तेच झालं होतं.

अनघाच्या हातून एकदाही झालं नाही.

इथून तुम्हाला कळायला लागलं असेल. मला काडीची पाठ शोधायला अजूनही तीन वेळा वाकवून पेन्सिलीने खूण करावी लागते. ती दुसऱ्या महिन्यात डोळे मिटून, बोटांवर फिरवून सांगायला लागली. ती कागदावर आधी रॉडचं चित्र काढायची, कुठे किती वाकेल ते. ग्रुपमधल्या कुलकर्णींना संधिवात, तर त्यांच्यासाठी तिने मूठ अशी घडवली की बोटं न आवळता रॉड धरता यावा. कुलकर्णी लहान मुलासारखे खूश झाले. मला वाटलं, हे मला का नाही सुचलं? सहा वर्षं त्या माणसाचा हात मी मोजतेय!

आणि ती इतकी चांगली होती, तोच तर त्रास. प्रत्येक वेळी सगळ्यांना सांगायची, “मेधामावशीनेच शिकवलंय सगळं.” ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली होती. मी हसायचे, तिच्या पाठीवर हात ठेवायचे, आणि आतून माझा जळफळाट व्हायचा. घरी विवेक म्हणाला, “काय हात आहे यार त्या पोरीचा!” मी कुकरची शिटी काढत होते. म्हटलं, “हो ना.” रात्री जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, ते एका अर्थी खरंच होतं.

तळ्याकाठी आमिषाचं एक दुकान आहे. तिथला मालक डेल, सत्तरीचा, आयुष्य बर्फावर घालवलेला माणूस. त्याने माझे रॉड हातात घेऊन पाहिले होते, “नाइस वर्क” म्हणाला होता. ते दोन शब्द मी किती दिवस पुरवून खाल्ले, सांगत नाही. पण त्याने मला कधी रॉड मागितला नाही. कुलकर्णींचा रॉड पाहिला आणि अनघाला मागितला. वॉलायसाठी. म्हणाला, चांगला निघाला तर तुझ्या रॉडसाठी दुकानातली एक भिंत रिकामी करतो.

अनघा गाडीत परत येताना रडली. “मावशी, इथे आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी मागितलं.” मी तिला टिश्यू दिला. माझ्या मनात काय चाललं होतं? हेच, की भिंत माझी होती. मला कुणी दिली नव्हती, तरी माझीच होती.

तिने तो रॉड माझ्याच टेबलावर बनवला, कारण मोटर माझ्याकडे होती. तीन आठवडे लावले. शुक्रवारी दुपारी शेवटच्या कडीचा दोरा गुंडाळून झाला, टोकं कापून झाली, आणि तिला नवऱ्याला स्टेशनवर घ्यायला जायचं होतं. त्यांच्याकडे एकच गाडी. तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, एपॉक्सी तू लावशील? तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी याला.”

असं म्हणाली. आणि गेली.

मी बराच वेळ तो रॉड नुसता बघत होते. काळ्यावर गडद हिरवा दोरा, आणि कडेला एक बारीक पिवळी रेघ. एकही फेरा वर चढलेला नाही, एकही फट नाही. मी चष्मा लावून चूक शोधली. चुका शोधण्यात मी वाकबगार आहे, म्हटलंच मघाशी. एकही सापडली नाही.

मग मी पातं उचललं.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगून पाहिलं की तिसऱ्या कडीजवळ दोऱ्याचं एक टोक राहिलं होतं, ते कापताना पातं घसरलं. तुम्हालाही तसंच सांगता आलं असतं. टोक राहिलं नव्हतं. पातं घसरलं नाही. दोरा संपतो तिथे, अगदी कडेला, मी ते टेकवलं आणि दाबून एकदा फिरवलं. बारीक आवाज आला, नखाने पुठ्ठा खरवडल्यासारखा. शेजारी वॉशिंग मशीनचं झाकण उघडं होतं, ते मी बंद केलं. का, कोण जाणे. मग एपॉक्सी नीट कालवलं आणि लावलं. इतकं सुंदर लावलं की चऱ्यावर काच चढली. मोटर सुरू केली आणि चहा टाकायला वर गेले. चहात आलं किसून घालायला विसरले का? नाही. तेच तर सांगतेय, अजिबात नाही.

पुढच्या शनिवारी सगळा ग्रुप तळ्यावर. डेलने सगळ्यांसमोर नव्या रॉडने दोर सोडला. तासाभराने वॉलाय लागला, मोठा होता. रॉड असा वाकला की बघत राहावं, टोक चपळ, अंग ताठ, जसं व्हायला हवं अगदी तसं. कुणीतरी टाळी वाजवली. तेव्हा मला क्षणभर वाटलं, नाही तुटणार. आणि मला तेव्हा बरं वाटलं नाही, हे लिहिताना लाज वाटते. वाईट वाटलं. मग कट्‌ असा आवाज झाला. डेलने दोर हाताने धरायला पाहिलं, तो सुटला, मासा गेला.

अनघा पांढरीफटक. डेल बिचारा हसला, होतं असं म्हणाला, दुसरा बनव म्हणाला. पण ग्रुपमधल्या सगळ्यांनी तुटका रॉड माझ्याकडे दिला, कारण मी जाणकार. मी तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, “पातं लागलंय.”

काय म्हणावं याला? शब्दन्‌शब्द खरा होता.

तिने वाद घातला असता, तर कदाचित मी बोलले असते. म्हणजे, असं मी म्हणते. ती वाद घालणाऱ्यातली नव्हती. “सॉरी मावशी,” म्हणाली. मला! “तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. माझंच लक्ष नसणार.” डेल नको नको म्हणत असताना त्याला दहा वेळा सॉरी म्हणाली. नंतर त्याने दोनदा निरोप पाठवला, पण तिने दुसरा रॉड केला नाही. मला म्हणाली, “तूच करून दे त्यांना. माझा हात भरवशाचा नाही.” मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, सुरुवातीला सगळ्यांचं होतं गं. इतक्या मायेने म्हटलं की माझाच माझ्यावर विश्वास बसला.

आणि रॉड मी करून दिला. भिंत मला मिळाली. चार रॉड टांगलेत तिथे, खाली माझं नाव. त्यातल्या एकाची मूठ कुलकर्णींच्या रॉडसारखी आहे, बोटं न आवळता धरता येणारी. ती कुणाची कल्पना, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही आणि मी सांगितलेलं नाही.

अनघाने टेबलाला परत हात लावला नाही. चित्रं काढणंही सुटलं. दीड वर्षाने तिच्या नवऱ्याला पार पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला नोकरी मिळाली आणि ते गेले. पुढे तिला कामाची परवानगी आली. मला वाटलं, आता ती परत तिच्या आर्किटेक्चरकडे वळेल. ती एका ऑफिसात डेटा भरते. आमच्या सगळ्यांत तीच एक आहे जी अजून दर दिवाळीला न चुकता मला फोन करते.

या दिवाळीला केला. तिची मुलगी आता पाच वर्षांची आहे. शाळेत काहीतरी घराचं मॉडेल करून न्यायचं होतं, पुठ्ठ्याचं. मुलीने आईकडे हट्ट धरला, आणि अनघाने नवऱ्याला करायला लावलं. हसत हसत सांगत होती. “मी हातच लावला नाही, मावशी. मी कापायला घेतलं की काहीतरी बिघडणारच. तुला तर माहितीये माझा हात.”

ती मी काय म्हणते याची वाट बघत होती. मागे मुलगी इंग्रजीत काहीतरी ओरडत होती.

मी म्हटलं, “असू दे गं. सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही.”