कोसबाडचा चढ आणि भारीतलं पेट्रोल

बाबांनी बोट काकाच्या हवाली केली आणि पाठोपाठ एक सेकंडहॅन्ड गाडी दारात आणली. जन्म समुद्रावर काढलेला माणूस, घरात बसून करणार काय? दर रविवारी ते आईला घेऊन डहाणूहून तलासरीला मावशीकडे जातात. सोबत सुक्या बोंबलांचं बोचकं असतंच, कारण तलासरीत आपली बहीण उपाशी बसली आहे असं आईला वाटतं. मी बोईसरला नोकरी करते. सुट्टीला घरी आले की माझीही वरात या गाडीतूनच निघते. मलाही गाडी चालवता येते, पण स्टिअरिंग बाबांचंच.

तलासरीपर्यंत गेलं की हद्द ओलांडून गुजरातच्या पंपावर टाकी भरायची, ही आमच्याकडची रीत. तिकडे पेट्रोल स्वस्त. लग्नाला गेलेली माणसं अक्षता टाकून आधी पंपावर पळतात, मग पंगतीला बसतात. बाबांनी त्यातही डोकं लढवलं होतं. इथल्या साध्याच्या भावात तिथे प्रीमियम मिळत असेल, तर साधं घालायचंच कशाला?

खरं कारण वेगळं होतं. वाटेत कोसबाडचा चढ लागला की गाडी खडखडायची. "पेट्रोल हलकं आहे," हे बाबांचं निदान. बोटीचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार? मी घालते. तो माझा छंद आहे.

गावातल्या प्रत्येकाने सल्ला देऊन झाला होता. एक म्हणे इथेनॉलने वाट लावली, दुसरा म्हणे शंभर ऑक्टेनचं घाला, विमानासारखी पळेल. बाबा शंभरचं कुठे मिळतं याची चौकशी करत होते. शेवटी मी पेट्रोलच्या झाकणामागचा स्टिकर वाचून दाखवला.

"बाबा, कंपनी सांगते साधं चालेल. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही हो. इंजिनात कितीही दाब पडला तरी पेट्रोलने वेळेआधी भडकायचं नाही, एवढंच. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त धीर."

"मग तुझ्या आईला कमी ऑक्टेनचं भरलंय," बाबा म्हणाले. आईने लगेच भडकून ते सिद्धही केलं.

त्या रविवारी पंपावरच्या माणसाने विचारलं, "काका, सादुं के प्रीमियम?"

"प्रीमियम ज भरो, भाई," बाबा म्हणाले. जावयाच्या ताटात श्रीखंड वाढायला सांगावं तसा थाट.

परतताना कोसबाडचा चढ आला. टाकी गळ्यापर्यंत प्रीमियमने भरलेली, आणि तरी इंजिन खडखडायला लागलं. बाबांचा चेहरा पडला.

"इंजिनच गेलं वाटतं," ते पुटपुटले. "विकायला लागेल हिला."

मी पुढे त्यांच्या शेजारीच बसले होते. गाडी चौथ्या गिअरवर होती. "बाबा, गिअर खाली घ्या ना."

"घेतो." हात गिअरवर गेला. डाव्या पायाने क्लच अर्धवट दाबला गेला, बाबांचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि पाय परत मागे आला. गाडी तशीच चौथ्यावर कण्हत चढली. त्या गिअरवर चढ चढायचा तर कुठलंही पेट्रोल खडखडणारच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! एरवी मी हसून हसून लोळले असते, पण त्यांचं ते तोंड पाहून हसूच आलं नाही.

वर पोचल्यावर मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली. "गुडघा ना?"

बाबा बाहेर चिकूच्या वाडीकडे बघत राहिले. "क्लच दाबला की कळ मस्तकात जाते, बाय. बोट पण याच्यासाठीच सोडली. सगळ्यांना सांगितलं, भावाला संधी देतो म्हणून. आता हे बोललो तर तुम्ही चावी काढून घ्याल. मग मी काय ओट्यावर बसून कुत्री हाकलू?"

मला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं. एवढा दर्यावर फिरलेला माणूस, आणि भीती कुणाची, तर आम्हा दोघींची!

मागून आई म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे चला गुपचूप. आणि चावी कोण काढून घेतंय ते मी बघते. मला बहिणीकडे मग काय एसटी नेणार?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला आणि सांगितलं, पायाला फार ताण नको. बाबांनी सगळं मुकाट ऐकलं, हेच नवल.

पुढच्या रविवारी तलासरीहून परतताना चढाच्या पायथ्याशी बाबांनी स्वतःच गाडी थांबवली. खाली उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून म्हणाले, "चढ तुझा."

मी दुसऱ्या गिअरवर गाडी चढवली. खडखड नाही, कण्हणं नाही. बाबा डॅशबोर्डवर तळहात ठेवून कान देऊन ऐकत होते.

"इंजिन ठणठणीत आहे," ते म्हणाले. आवाज जरा ओला होता.

वर पोचलो. पलीकडे खाली समुद्र दिसत होता. मी हँडब्रेक ओढला आणि चावी तशीच ठेवून उतरले.