नोटीसही माझी, उत्तरही माझं

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या सरकारी कार्यालयात सगळे बोलतात मराठी आणि लिहितात हिंदी. बोलताना ज्याची जीभ थांबत नाही, तो कोऱ्या कागदासमोर बसला की पेनाचं टोक चावतो. माझी हिंदी चांगली. छिंदवाड्याला शिकलो, त्याचा परिणाम. त्यामुळे नोटशीट असो, खुलासा असो की कोणाच्या निवृत्तीचं मानपत्र असो, कागद फिरून माझ्याच टेबलावर यायचा. मी याला माझी हुशारी समजत होतो. बडे बाबू तिला स्वतःची सोय समजत होते, आणि त्यांचंच बरोबर होतं.

बडे बाबू म्हणजे आमचे मुख्य लिपिक. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, बडे बाबू जागेवरच. नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात भाड्याचं घर, दूधवाला, स्वयंपाकाची बाई, सगळं तेच लावून देत. दुसऱ्या आठवड्यापासून साहेब न वाचता सही करायला लागत. बडे बाबूंनी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. तशी त्यांना गरजच पडत नसे.

आणि आमच्याकडे एक बाई होत्या. बारा वर्षांपासून रोजंदारीवर. झाडणं, माठ भरणं, फाइली या टेबलावरून त्या टेबलावर नेणं. लोधीखेड्याहून बसने यायच्या आणि सगळ्यांच्या आधी हजर असायच्या. बौद्ध समाजाच्या. बडे बाबू पाण्याची बाटली घरून आणत आणि पोटाच्या दुखण्याचं कारण सांगत. ते दुखणं कसलं, हे बाईंसकट सगळ्यांना ठाऊक होतं. मी मात्र बाईंनी भरलेल्या माठातलं पाणी सगळ्यांसमोर प्यायचो, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! आज त्या अभिमानाचीच जास्त लाज वाटते.

छिंदवाड्यातून तुटून आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तशी कर्मचाऱ्यांची वाटणी सुरू झाली. कोण इकडे राहणार, कोण छिंदवाड्याकडे जाणार, याच्या याद्या निघू लागल्या. त्याच गडबडीत आमच्या वाट्याला शिपायाची एक कायम जागा आली. ती रोजंदारीवरच्या सगळ्यांत जुन्या माणसाला द्यायची होती. म्हणजे बाईंनाच. मुलीला नर्सिंगला घालायचं त्यांनी ठरवूनही टाकलं. बाईंनंतरचा नंबर होता बडे बाबूंच्या भाच्याचा, तोही रोजंदारीवरच होता.

मग एका जमिनीच्या प्रकरणाची फाइल हरवली. तीन दिवस शोधाशोध झाली. चौथ्या दिवशी मी शिक्क्याचा पॅड घ्यायला बडे बाबूंचं कपाट उघडलं, तर जुन्या कॅलेंडरांच्या खाली तीच फाइल. कोपऱ्यातला नंबर माझ्याच हातचा. मी मान वळवली तेव्हा बडे बाबू माझ्याकडेच पाहत होते.

"पॅड खालच्या खणात हाये," ते म्हणाले. मी पॅड घेतला आणि कपाट लावलं.

दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. "बाईच्या नावानं एक नोटीस लिहून टाका ना जी. फाइल सांभाळता नाई आली म्हणून. तुमच्यासारखी हिंदी कोणाची हाये इथं?" ते उठता उठता म्हणाले, "छिंदवाड्याकडे पाठवायच्या लोकाईची यादी मीच बनवून राहिलो. तुमचं नाव अजून पेन्सिलनंच हाये."

आई तेव्हा डायलिसिसवर होती, आठवड्यातून दोनदा नागपूर. म्हणून मला सौंसर सोडता येत नव्हतं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. खरं हे की आईला नागपूरला माझी बहीण न्यायची. मला माझं घर, माझी खुर्ची आणि पाच वाजता घरी पोचणं सोडवत नव्हतं. मी नोटीस लिहिली. चांगली लिहिली. साहेबांनी एक शब्दही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई ती नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडेच आल्या. "भाऊ, मले अर्धंच समजलं. वाचून सांगा ना." मी माझीच वाक्यं त्यांना मराठीत समजावून सांगितली.

"असं कोणी लिहिलं, भाऊ?"

"साहेबाची सही हाये," मी म्हणालो.

त्यांनी नोटीस घडी घालून परत पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "मी तं ते फाइल बडे बाबूच्या हातात देली होती. तेवढं लिहून द्या. बाकी तुमाले जसं समजन तसं लिहा."

तेवढंच एक वाक्य त्यांना वाचवू शकलं असतं. मी बारा वर्षांच्या सेवेबद्दल दोन सुरेख परिच्छेद लिहिले, वक्तशीरपणाबद्दल लिहिलं, घरच्या परिस्थितीबद्दल लिहिलं. ते वाक्य गाळलं. आणि शेवटी ती ओळ टाकली, जी असल्या प्रत्येक माफीनाम्यात असते: हुई त्रुटि हेतु क्षमा चाहती हूँ, भविष्य में पुनरावृत्ति नहीं होगी.

मी वाचून दाखवलं. माफीपाशी त्यांनी मला थांबवलं. "भाऊ, यात मी चूक कबूल तं नाई करून राहिली ना? अन् बडे बाबूचं?"

"नाई. असं लिहावंच लागते. बडे बाबूचं तोंडी सांगू, कागदावर नको."

त्यांनी एकेक अक्षर जुळवत सही केली आणि पेन दोन्ही हातांनी मला परत दिला.

आठ दिवसांनी तिसरा कागद आला, तोही माझ्याच टेबलावर. बाईंनी आपल्या उत्तरात चूक स्वतः मान्य केली आहे, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे, असा आदेश मी लिहिला. फाइल पुढच्याच सोमवारी "कपाटामागे" सापडली. भाच्याला जागा मिळाली. माझं नाव यादीतून खोडलं गेलं.

यंदा हिवाळ्यात बाई पुन्हा आल्या. आता त्या पांढुर्ण्याला संत्र्याच्या पेट्या भरतात. मुलगीही तिथंच, त्यांच्या शेजारी बसून संत्री निवडते. बरोबर रामाकोन्याची एक अंगणवाडी मदतनीस होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत नोटीस.

"हे भाऊ लिहून देतात," बाई तिला म्हणाल्या. "माझ्या वक्ती सगळ्याईनं तोंड फिरवलं. यायनंच लिहून देलं होतं."

त्या उठल्या, माठातून पेला भरून आणला आणि जुन्या सवयीने माझ्यापुढे ठेवला. मी नोटीस वाचायला घेतली. पेल्याकडे हात जाईना. सांगून टाकावं असं वाटलं, नुसतं वाटलं. बराच वेळ गेला. बाई एकदा भरल्या पेल्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होत्या.

"तुमचंही पोट दुखून राहिलं का, भाऊ?" त्यांनी हळूच विचारलं.

मी हो म्हणालो.