मास्तरांनी बसवलेल्या पाळ्या

आमचे कटिंग मास्तर कुठल्याही पोराकडे एकदा बघायचे आणि आकडा सांगायचे. "अठ्ठावीस. दिवाळीनंतर तीस लागंल." टेपला हात लावायचे नाहीत. रिक्षातून डोकं बाहेर काढलेल्या पोराचंही माप सांगायचे आणि ते चुकायचं नाही. माझ्या गौरीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी तिचं नाव विचारलं नाही, इयत्ता विचारली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तीसची पोरगी हाय ही, अक्का. अठ्ठावीस घातलाय तुमी. खांदा बघा कसा वढतोय." असा राग आला मला! गणवेश शिवणाऱ्या बाईच्याच पोरीचा गणवेश तोकडा, हे चारचौघींत सांगायची काही गरज होती का? पण खांदा खरंच ओढत होता. तोंड वाकडं करून मी त्याच आठवड्यात तिला नवा शिवला.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा शिवणकारखाना होता. चाळीसेक मशिनी, त्यावर आम्ही बायका, आणि मधोमध मास्तरांचं लांबलचक टेबल. मास्तरांची मातृभाषा तेलुगू, पण बोलताना तेलुगू, मराठी, दखनी सगळं एकाच ताटात. साठीला आलेले, एकटे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानामागे खडू. त्यांच्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आमच्या शेठनी एकदा त्या कात्रीनं पार्सलाची सुतळी कापली, तर मास्तर दोन दिवस शेठशी बोलले नव्हते.

कापायच्या आधी ते कापडावर फर्मे मांडायचे. फर्मे म्हणजे पुठ्ठ्याचे नमुने: बाही, खिसा, कॉलर, पाय. हा इकडे सरकव, तो उलटा कर, बाहीच्या वळणात खिसा घुसव, असं अर्धा अर्धा तास चालायचं. आम्हाला वाटायचं, आता कशाला जीव खातायत, कापा की! पण टीचभर चिंधीसुद्धा वाया गेलेली त्यांना सोसत नसे. कुणी म्हणालंच, "मास्तर, नाही बसायचं हे," तर मान वर न करता म्हणायचे, "ऐतदि." त्यांच्या तेलुगूत त्याचा अर्थ, होतंय. आणि व्हायचंही.

कोरोनात शाळा बंद पडल्या तसे आमचे गणवेशही बंद पडले. आधी घरी बसलो, मग मास्क शिवले, दवाखान्यांचे गाऊन शिवले. माझे यजमान यंत्रमागावर होते, त्यांचंही काम अर्ध्यावर आलं. घरात मोबाइल एक, तो कामावर जाताना ते घेऊन जायचे, म्हणजे पोरांची ऑनलाइन शाळा रात्री बाप घरी आल्यावर. शाळा कधी उघडतील म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. आणि एकदाच्या त्या उघडल्या, पण कशा? एक दिवसाआड. तीन तास. हजेरी क्रमांक विषम असेल त्यांनी आज यायचं, सम असेल त्यांनी उद्या. माझी गौरी सहावीत, तिचा नंबर विषम. ओमकार दुसरीत, त्याचा सम. म्हणजे रोज एक पोर शाळेत आणि एक घरात, आणि शाळेत गेलेलं अकरा वाजता परत दारात. बाईंना विचारलं, दोघांना एकाच दिवशी बोलवा ना. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अहो, हजेरीपट मी नाही हो बदलू शकत."

गंमत बघा. शाळा उघडल्या म्हणून गणवेशाच्या ऑर्डरी धो धो आल्या, आणि शाळा अर्ध्याच उघडल्या म्हणून त्या शिवायला आम्हाला जाता येईना! शेठनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, नऊ ते सहा, मधेच घरी जायचं नाही, जिला जमणार नाही तिनं आत्ताच सांगावं. सासूबाई करमाळ्याकडे दिरांच्या घरी. माहेर जेऊरला. शेजारीण स्वतःच कामाला जाणारी. मी सगळीकडून विचार केला आणि मला एकच वाट दिसली. गौरी घरी राहील.

शाळेनं दोन संमतीपत्रं पाठवली होती, मुलाला शाळेत पाठवायला पालकांची हरकत नाही म्हणून. ओमकारच्या पत्रावर मी सही केली. गौरीचं घडी करून पर्समध्ये टाकलं. "ह्या वर्षापुरतं गं," मी तिला म्हटलं. "ओमकारला अजून जोडाक्षरं येत नाहीत. त्याला शाळेतून आणायचं, जेवायला घालायचं, लक्ष ठेवायचं. तू हुशार आहेस, घरी वाचशील." गौरी म्हणाली, "बरं." तिनं भांडायला हवं होतं. त्या एका 'बरं'चा मला इतका संताप आला की मी तिच्यावरच खेकसले. ओमकार लहान म्हणून मी त्याला निवडलं, असं मी सगळ्यांना सांगत होते. तो मुलगा म्हणूनही निवडलं असेल का? आज ह्याचं उत्तर देताना माझी मान खाली जाते.

दुपारच्या सुट्टीत हे मी रेश्माला सांगत होते. रेश्मा माझ्या शेजारच्या मशीनवर, तिला तीन मुलं, तिची वेगळीच रड. मास्तर पलीकडे आमटीत कडक भाकरी चुरत बसले होते. हात तसाच ठेवून म्हणाले, "संमतीपत्र कुठं हाय?"

"घरी आहे," मी खोटंच बोलले, पण हात पर्सवर गेलाच.

"मी चौथीत हुतो," मास्तर म्हणाले. "अम्मा गिरणीत कामाला. धाकटी बहीण रांगत हुती. अम्मा म्हणली, एक वरीस घरी थांब, हिला बघ. लई चांगली बाई हुती माझी अम्मा, मारून मुटकून न्हाई बसवलं मला. एक वरीस म्हणली, मी बरं म्हणलो. ते वरीस अजून चालू हाय, अक्का."

त्यांनी हात धुतला, कानामागचा खडू टेबलावर ठेवला आणि खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं. "पर्समधलं काढा. सही करा. माझ्यापुढं."

माझं डोकंच फिरलं. "करते की! आणि गौरी शाळेत असेल त्या दिवशी घरात ओमकारला कोण बघेल, तुम्ही? सही करायला काय लागतं?"

"ते बसवू की," मास्तर म्हणाले. "सही आधी."

मी सही केली. रागारागात केली, कागद फाटायचा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मास्तरांनी शाळेत जाणारी पोरं असलेल्या आम्हा अकराजणींना थांबवून घेतलं. टेबलावर खडूनं सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंतचे तास आखले होते. एकेकीला विचारत गेले. पोरं किती, सम का विषम, शाळा कितीची, घरी कोण. प्रत्येकीच्या नावाची पुठ्ठ्याची पट्टी कापली, तासाला चार बोटं या मापानं. मग सुरू झाली मांडणी. हिची पट्टी इकडे, तिची तिकडे. आम्ही आधी हसलो, मग कंटाळलो, मग आम्हीच वाकून पट्ट्या सरकवायला लागलो. "बाईचा दिवस म्हंजे सलग तागा न्हवं," मास्तर म्हणाले. "शेठ सलग मागतो म्हणून बसत न्हाई. तुकडं करा, मग बघा."

आणि बसलं की हो! निम्म्या बायका सात ते तीन, निम्म्या अकरा ते सात. सकाळी पोरांना शाळेला सोडायचं अकराच्या पाळीतल्या एकीनं. आणि रोज पाळीपाळीनं एकीनं पोरांना शाळेतून आणून त्यांच्याजवळ बसायचं, बसल्या बसल्या गणवेशाला बटणं लावायची, धागे तोडायचे, म्हणजे तिचा दिवस भरला. पोरं बसवायची कुठे? कारखान्यात पोरं आणायला मास्तरांचाच सक्त विरोध होता, मशीन आणि कात्री काही बघत नाही म्हणायचे. त्यांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत एके काळी त्यांच्या वडलांचा हातमाग होता. मागावर बसताना पाय सोडायचा जो खड्डा होता, त्यावर त्यांनी फळ्या ठोकल्या, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, किल्ली आमच्या हातात दिली. शेठ कुरकुरले. "पंधरा दिवस बघतो," म्हणाले. "माल अडला तर बंद."

ती खोली म्हणजे काय सांगू! मराठी, तेलुगू, दखनी, तिन्ही भाषांतला कालवा. मास्क एकमेकांचे अदलाबदल करू नका म्हणून आम्ही ओरडून ओरडून दमायचो. गौरी तिच्या सुट्टीच्या दिवशी बारक्यांना पाढे घ्यायची. मास्तर जेवायला घरी यायचे, दारातून एकदा सगळ्यांवर नजर फिरवायचे. "शाळा झाली का? काय शिकीवलं?" उत्तर आलं नाही तर जेवायला बसायचे नाहीत.

बारावा दिवस असेल. मी सातच्या पाळीला. निळ्या ड्रिलच्या जाड कापडाचे थर लावायला मास्तरांच्या हाताखाली होते. ड्रिलला सुलट आणि उलट बाजू असते. थर लावताना सुलटीवर सुलट यावी लागते, म्हणजे कापल्यावर एक डावा पाय, एक उजवा, अशी जोडी मिळते. हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण माझं सगळं लक्ष ओमकारकडे. सकाळी शिंकला होता, शाळेतून परत तर नाही ना पाठवणार? मी सगळेच्या सगळे थर सुलट बाजू वर करून लावले. मास्तरांनी माझ्यावर विश्वास टाकला आणि कापले. दुपारी रेश्मा ओरडली, "मास्तर, ये तो सब सीदे पाँव केच हैं!"

हाफपँटींच्या गठ्ठ्यात नुसते उजवे पाय! डावा औषधाला नाही. एक दोघी फिसकन हसल्या, आणि दारात शेठ दिसले तशा गप्प झाल्या. त्या गाठीतलं उरलेलं कापड मोठ्या मापासाठी ठेवलेलं होतं. दुसऱ्या गाठीचं आणावं तर रंगात फरक, एक पाय गडद आणि एक फिका.

"थर मी लावले," मी पुढे होऊन सांगितलं.

"थर कुणीबी लावू दे," मास्तर मला बाजूला करत म्हणाले. "कात्री घालायच्या आधी कड उचलून बघायचं काम माझं. मी बघितलं न्हाई."

शेठ ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. "हे तुमच्या पाळ्यांमुळे! अर्धं लक्ष घरी, अर्धं इथं. उद्यापासून नऊ ते सहा. पोरं ज्यांची त्यांनी बघायची."

मास्तरांनी कात्री उचलली, फडक्यात गुंडाळली आणि काखेत मारली. आवाज अजिबात चढवला नाही. "शेठ, कापड मी बसवून देतो. दोन दिवस द्या. पण पाळ्या मोडल्या तर हे टेबल पण मोकळं. शाळांचा हंगाम हाय, दुसरा मास्तर हुडका."

शेठनी त्यांच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. पोरांजवळ बसलेली एक सोडून आम्ही दहाजणी आपोआप उभ्या राहिलो होतो, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शेठ दोनच दिवस म्हणाले आणि आत गेले.

मास्तरांनी मोठ्या मापाचं राखून ठेवलेलं कापड काढलं आणि त्यातून सगळे डावे पाय कापले. मोठ्या मापाला दुसरी गाठ आणली, तिच्यातून दोन्ही पाय निघणार, म्हणून रंगाचा प्रश्नच नाही. आम्ही दोन्ही पाळ्यांच्या बायकांनी मान वर न करता शिवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माल निघाला. पाळ्या राहिल्या. मास्तर मला एवढंच म्हणाले, "उद्या पण थर तुमीच लावायचे." मला वाटलं होतं, आता ते मला टेबलाजवळ फिरकू देणार नाहीत.

पुढच्या जूनमध्ये शाळा पूर्ण वेळ भरल्या. ती खोली रिकामी झाली, आम्ही परत नऊ ते सहा. आणि हंगाम सरताच शेठनी एक तरुण मास्तर आणला. आमच्या मास्तरांना सांगितलं, आता आराम करा. का ते कुणी बोललं नाही, पण आम्हाला काय कळत नव्हतं? आम्ही सगळ्याजणी शेठकडे निघालो होतो. मास्तरांनीच जिन्यात अडवलं. "गप बसा. पोरं शाळेत हायत न्हवं? मग कामं सांबाळा." ते तेलंगणात भाचीकडे राहायला गेले. त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटत स्वयंपाक केला.

एव्हाना मीही एक साधा मोबाइल घेतला होता. त्यावर अधूनमधून त्यांचा फोन यायचा, नेमका कामाच्या वेळी, सकाळी अकरा साडेअकराला. माझी खुशाली नाही, पावसापाण्याची चौकशी नाही. "गौरी कुठं हाय?" मी म्हणायचे, शाळेत. "मग ठीक हाय," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

गौरी दहावीत होती तेव्हा भाचीचा फोन आला, पहाटे मास्तर गेले म्हणून. मी चुलीपाशी तशीच बसून राहिले. गौरी गणवेश घालून तयार होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काय झालं ते तिला न सांगता कळलं. दप्तर खाली ठेवून माझ्याजवळ बसली, मला धरलं. म्हणाली, "आई, आजच्या दिवस मी घरी थांबू का तुझ्याजवळ?"

मला ती हवी होती हो. त्या दिवशी मला माझी पोरगी जवळ हवी होती. मी तिचे हात सोडवले, दप्तर उचलून तिच्या खांद्यावर दिलं आणि म्हटलं, "नाही. तू जा." ती गल्लीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग आत आले, दार लावलं आणि पोटभर रडले.