डोंगर गेलेल्या गावात तीन दिवस

सरस्वती कुमरे ही माझी नागपूरच्या हॉस्टेलातली मैत्रीण. "आमचा एक डोंगर गिट्टीसाठी गेला, आता खदानवाले दुसरा मागून राहिले. ग्रामसभा हाये, तू ये," असा तिचा फोन आला आणि मी रजा टाकली.

गोंदियापर्यंत रेल्वे, पुढे देवरीची एसटी. रस्ता गुळगुळीत, दोन्ही बाजूंना धान कापून पुंजणे रचलेले. फाट्यावर सरस्वती स्कूटी घेऊन उभी होती. गावात लॉज नाही, पण आधी कळवलं तर कुणाच्याही घरी सोय होते. जेवायला गरम भात, लाखोळीचं वरण आणि तळ्यातले मासे.

दुपारी ती मला डोंगराकडे घेऊन गेली. त्याला माथाच उरलेला नाही. वर नुसते कापलेले कडे. सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे गेले, उतारावरचा झरा आटला, पावसाळ्यात गाळ धानात शिरला. माथ्यावरचं देवाचं ठाणंही खाली आणावं लागलं.

"देव उतरवला त्या दिवशी माय जेवली नाई," सरस्वती म्हणाली.

खदान बंद झाल्यावर बायकांनी पडलेल्या दगडांचे बांध घातले, गाळ अडवला, उतारावर मोह आणि बांबू लावले. रोपं आता कमरेएवढी झाली आहेत. झरा मात्र परतलेला नाही.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरासमोर ग्रामसभा भरली. पुरुषांमध्ये सरस्वतीचा थोरला भाऊ मनीराम होता. तो खदानीत टिप्पर चालवायचा. बहीण खदानीविरुद्ध उभी राहिली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. खदानवाल्यांचा माणूस म्हणाला, "सबको काम मिलेगा." त्यावर मनीराम उठला. सरस्वतीनं मान खाली घातली.

"डोंगर म्याच वाहून नेला," तो म्हणाला. "त्याच्यावर पोट भरलं, खोटं कायले बोलू? पण दगड सरला अन् मले घरी पाठवलं. आता डोंगर नाई, काम बी नाई. दुसरा गेला तं मंग काय वाहू?"

मग एकेक हात वर होत गेला आणि खदानीला नकार ठरला. मनीराम अजून उभाच होता. "ग्रामसभेनं त्या डोंगरावरचा बांबू विकाले ट्रॅक्टर केला तं मी चालवीन," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

सरस्वती त्याच्या मागे गेली. "दादा, घरी चाल. जेवून जा."

"काय केलं?"

"भातच हाये."

"मंग चाल."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं वाचलेल्या डोंगरावर चढलो. मनीराम पुढे होता. मी दम खायला थांबले की तोही थांबायचा. तुम्ही गेलात तर कुणाला तरी सोबत घ्या, वाट दाट झाडीतून जाते.

घरी परतल्यावर कापलेला डोंगर बरेच दिवस डोळ्यांसमोर होता. तो काही पुन्हा उभा राहणार नाही. पण ज्यानं खदानीची भाकर खाल्ली होती, त्यानंच हिशेब मांडून नाही म्हटलं, हे माझ्या मनात जास्त पक्कं बसलं. परवा सरस्वतीनं फोटो पाठवला. ट्रॅक्टर भाड्याचा, मागे बांबूची पहिली खेप, पुढे मनीराम आणि त्याच्या शेजारी दांडा घट्ट धरून ती. खाली लिहिलं होतं, "दादाले किती बी सांग, हळू चालवतच नाई."