बाहेरून ऐकलेले सामने

माझ्या नवऱ्यामुळे आमचा संघ सामने हरतो, ही गोष्ट आमच्या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होती. त्यांना स्वतःला तर ती इतरांपेक्षा जास्त पटली होती.

आम्ही जबलपूरला संरक्षण कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. हे तिथे तपासणी विभागात आहेत. तयार झालेला माल पास करायचा की परत पाठवायचा, हे ठरवणं त्यांचं काम. मी अमरावतीची. लग्न होऊन इथे आले तेव्हा बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानावरची गंजकी रिंग, एवढंच मला माहीत होतं. इथे मात्र वसाहतीचा स्वतःचा संघ, स्वतःचं कोर्ट, आणि कोर्टाच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या. सामना असला की सदर बाजारात खरेदीचा बेत ठरवलेल्या बायकासुद्धा तो पुढे ढकलून पायऱ्यांवर येऊन बसतात. आमची मुलगी सातवीत असताना या कोर्टवर गेली आणि मग घरी फक्त जेवायला यायला लागली.

ती मोठ्या मुलींच्या संघात आली त्या वर्षी हे पहिल्यांदा सामना बघायला आले. आपला संघ पुढे होता आणि शेवटच्या मिनिटात हरला. दुसऱ्यांदा आले, तेव्हाही तेच. तिसऱ्या वेळी मी त्यांना शर्ट बदलायला लावला, उजवीकडच्या पायऱ्या सोडून डावीकडे बसवलं, तरी व्हायचं ते झालंच. आमच्या चाहत्यांचे म्होरके म्हणजे थाळीवाले चाचा. कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, आणि आपल्या संघाने बास्केट केली की स्टीलच्या थाळीवर पळी हाणणारे. त्या दिवशी पायऱ्या उतरताना ते यांना हसत म्हणाले, "भाईसाब, आप तो पनौती निकले." सगळे हसले. हेही हसले. मला वाटलं, विषय संपला.

आमच्या घरात विषय असे संपत नाहीत. जेवताना यांनी मला शांतपणे समजावलं, की मालातून तीन नमुने काढले आणि तिन्ही नापास झाले तर अख्खा माल परत जातो, तिथे कुणाचं मन राखायचा प्रश्न येत नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही माणूस आहात, माल नाही. यांनी पुन्हा वरण वाढून घेतलं. त्यानंतर हे सामन्याला कधी आत आले नाहीत.

बाहेर मात्र असायचेच. कोर्टाच्या भिंतीपलीकडे चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर कोर्टाकडे पाठ करून बसायचे आणि कान आत लावायचे. थाळी वाजली म्हणजे आपली बास्केट. थाळीसोबत शिट्ट्या आल्या म्हणजे लांबून टाकलेली, तीन गुणांची. नुसतंच 'अरे यार' ऐकू आलं तर समोरच्यांची. आमच्या मुलीने बास्केट केली की मी तिचं घरातलं नाव घेऊन ओरडायचे, तेवढी सोय मी करून ठेवली होती. घरी आल्यावर हे न बघितलेला सामना आम्हाला पहिल्यापासून सांगायचे, आणि सांगायचेही बरेचसे बरोबर. मुलगी पोळी खाता खाता दुरुस्त्या करायची. सरावाला तिला स्कूटरवर सोडणं-आणणं यांच्याकडेच होतं. सामन्याचं चित्रण कुणी मोबाइलवर पाठवलं तर ते बघायला यांची हरकत नसे, कारण तो सामना होऊन गेलेला. पण लोक मोबाइलवर काय घेतात? चेंडू रिंगमध्ये पडतो, तेवढंच.

या हिवाळ्यात मुलीला खेळाच्या जोरावर बिलासपूरला नोकरी लागली. सोमवारी तिची गाडी होती आणि आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या कोर्टवर तिचा शेवटचा सामना, तोही कटनीच्या मुलींशी. या मुली दरवर्षी यायच्या, आमच्याच कोर्टवर आम्हाला धूळ चारायच्या, आणि वर जाताना इथली नावाजलेली खोव्याची जलेबी घेऊन जायच्या. चाचांचा त्यांच्यावर खास राग होता.

निघताना बूट बांधत मुलीने बापाला विचारलं, की आज तरी आत येता का. हे म्हणाले, आज तर मुळीच नाही. शेवटचा सामना जिंकून जा, मग काय ते बोलू. तिने नाडी अशी ओढली की तुटते की काय वाटलं. मला दोघांचाही राग आला. तिला बाप हवा होता, बापाला तिचा विजय हवा होता, आणि दोन्ही एकदम मिळणार नाही याची दोघांनाही खात्री होती.

आता सामन्याचं सांगते. गेली कित्येक वर्षं मी पायऱ्यांवर बसते आहे, पण असा सामना मी पाहिलेला नाही. पहिल्या पाच मिनिटांत कटनीच्या मुलींना चेंडू नीट हातातही धरता आला नाही. आमची सगळ्यात बुटकी मुलगी, जिला प्रशिक्षक मॅडम एरवी बाकावरच ठेवायच्या, तिने लागोपाठ लांबून तीन बास्केट टाकल्या आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आमची मुलगी मधून घुसत होती, चेंडू पुढे देत होती, परत धावत होती. थाळी थांबेचना. चाचांचा हात दुखला तेव्हा पळी माझ्याकडे आली, मग माझ्याकडून मागच्या रांगेत. माझा घसा मध्यंतरापर्यंत बसला. शेजारच्या वहिनींनी मला मिठी मारली. दोन महिन्यांपूर्वी कचऱ्याच्या डब्यावरून आमचं बोलणं बंद झालं होतं, हे मला नंतर घरी गेल्यावर आठवलं.

तिसरा डाव संपला तेव्हा आम्ही तिसाच्या वर गुणांनी पुढे होतो. पायऱ्यांवर लोक एकमेकांकडे बघून नुसतेच हसत होते. आणि मग चाचा फळ्यावरच्या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले, जणू कुणाकडून तरी परवानगी घेतायत. माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभीजी, भाईसाब को बुला लीजिए. अब तो वो भी नहीं हरा सकते."

खरं तर मला राग यायला हवा होता. पण मला इतकं हसू आलं की मी हसतच पायऱ्या उतरले.

हे बाकावर बसले होते, चहा गार झालेला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, की पंचविसाच्या पुढे आहोत ना. मी म्हटलं, तिसाच्या. यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आता उठतील. पण नाही.

"चांगलं चालून राहिलं ना?" हे म्हणाले. "मग काहून बिघडवायचं?"

तेव्हा मात्र माझं हसू गेलं. टपरीवाला ऐकतोय, रस्त्यावरची माणसं ऐकतायत, याचं मला भान राहिलं नाही.

"उद्या पोरगी जाऊन राहिली," मी म्हटलं. "तिचं खेळणं तुम्ही काय फक्त थाळीवरच ऐकणार आहात?"

यांनी ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. तोवर चाचा थाळी काखेत मारून माझ्या मागोमाग बाहेर आले होते. त्यांनी यांचा हात धरला आणि अगदी हळू, त्यांच्या एरवीच्या आवाजात कधीच नाही असं, म्हणाले, "पनौती मैंने कहा था. मैं ही वापस लेता हूँ. चलिए."

आम्ही आत आलो तशी सगळ्यांनी सरकून पहिल्या रांगेत जागा केली. हे बसले आणि कटनीने बास्केट केली. लगेच दुसरी. मग तिसरी. पुढे कठड्याला टेकलेल्या एकाने मागे वळून यांच्याकडे बघितलं, मग घाईने नजर वळवली. हे अर्धे उठले. चाचांनी एका हाताने यांच्या शर्टाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं आणि दुसऱ्या हातातली पळी खाली ठेवून दिली होती. वापस घेतलं म्हणाले खरं, पण ते पूर्ण वापस आलं आहे की नाही याची त्यांनाही शंका असावी.

मॅडमनी खेळ थांबवून मुलींना कडेला बोलावलं. आमची मुलगी पाणी प्यायली, तोंड पुसलं, वर बघितलं, आणि तिला बाप दिसला. खेळ सुरू झाल्यावर चेंडू तिच्याकडेच आला. समोर कुणी नव्हतं. तिने टाकला तो रिंगलाही लागला नाही, थेट बाहेर गेला. हे डोकं धरून बसले. ती मात्र कोर्टाच्या मधोमध उभी राहून हसत होती, लहानपणी झोका उंच गेला की हसायची तशी. पुढचा चेंडू तिने आत घातला, त्याच्या पुढचाही. थाळी पुन्हा सुरू झाली आणि यांचं अर्धं उठलेलं अंग खाली टेकलं.

मग हे नुसते बघत राहिले. चेंडू कुठेही असो, यांची मान तिच्याच बाजूला. एकदा ती चेंडूमागे झेपावली आणि सिमेंटवर घसरत गेली. चेंडू बाहेर गेला होता, त्यामुळे कुणी काही ओरडलं नाही. ती उठली, गुडघा झटकला आणि पळाली.

"ही एवढी पडते?" यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, पडते की.

"मग बाहेर काही ऐकू येत नाही ते."

मी यांचा हात धरला, चारचौघांत धरायची आमच्याकडे पद्धत नाही तरी.

विसाच्या वर गुणांनी जिंकलो. शेवटची शिट्टी झाली आणि लोक पायऱ्यांवरून कोर्टवर उतरले. चाचांची थाळी मधोमध खोलगट झाली होती, ती डोक्यावर घालून ते नाचत होते. कुणीतरी खोव्याच्या जलेब्यांचं खोकं आणलं, आणि मॅडमनी पहिली जलेबी कटनीच्या कप्तान मुलीला भरवली. चाचांनाही एक मॅडमच्याच हातून मिळाली, ती त्यांनी नाक मुरडत खाल्ली. मी इतकी खूश होते की कुणाच्याही गळ्यात पडत होते.

मुलगी गर्दीतून वाट काढत आली. गुडघा सोललेला, केस कपाळाला चिकटलेले. हे तिला म्हणाले, की छान खेळलीस, मी आलो आणि थोडं बिघडलं खरं, पण जिंकलीस ना, झालं तर मग. तिने बापाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. तिचं मराठी घरापुरतं, निम्मं हिंदीत सांडणारं, तसंच ती बोलली.

"बाबा, हम हार भी जाएँ तो चलेगा. तुम्ही आतच बसत जा."

यांनी विचारलं, बिलासपूरलाही का. ती म्हणाली, बिलासपूरलाही.

पुढच्या महिन्यात तिथे तिचा पहिला सामना झाला. मला माझ्या ऑफिसातून रजा मिळाली नाही, हे एकटे गेले. संध्याकाळी यांचा फोन आला आणि बोलायला लागले ते थांबेचनात. तिथलं कोर्ट लाकडी आहे, पडलं तरी तेवढं लागत नाही. ती डावीकडून कशी घुसते, चेंडू हातात नसतानाही किती पळते, दुसरी मुलगी पडली तर हात देऊन कशी उठवते, सगळं सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो, हे दोनदा सांगितलं. सामना हरल्याचं त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.