एक्सरेबाईंचं पस्तिसावं जॅकेट

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, औषधांच्या दुकानापासून डावीकडे वळलं की शेवटची खोली एक्सरेची. गेली सव्वीस वर्षं तिथून एकच आवाज येतो: "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा." या आवाजाच्या मालकिणीला मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे एक्सरेबाई म्हणतात. वय एक्कावन्न, उंची बेताची, चष्मा जाड, आणि स्वभाव असा की रस्ता रिकामा असला तरी ओलांडताना त्या दोनदा माघारी फिरणार. अशा बाईला नाद असावा तर विणकामाचा, फार तर शब्दकोडी सोडवण्याचा. एक्सरेबाईंना नाद होता जुन्या चामडी जॅकेटांचा.

जुनी म्हणजे खरोखर जुनी. मोटरसायकलवाल्यांची, वैमानिकांची, मालगाड्या हाकणाऱ्यांची. दुसऱ्याच्या अंगावर वीस-तीस वर्षं काढून मग बाजारात आलेली. अशी चौतीस जॅकेटं त्यांच्या झोपायच्या खोलीत रुंद खांद्याच्या लाकडी हँगरांवर ओळीने लटकत होती. पलंगापुरती जागा तेवढी बाईंची, बाकी खोली जॅकेटांची.

नाद लागला तो शिशाच्या एप्रनमुळे. किरणांपासून बचाव म्हणून तो जड एप्रन दिवसभर अंगावर वागवायचा, आणि संध्याकाळी उतरवला की बाईंना उगाच उघडं उघडं वाटायचं. एकदा जुन्या बाजारातून जाताना त्यांनी गंमत म्हणून एक जॅकेट अंगावर चढवलं. खांद्यांवर तेच ओळखीचं वजन आलं, आणि समोर कुणी आजारी माणूसही नव्हतं! बाई तिथेच फसल्या.

त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. जॅकेट पारखायची त्यांची रीत बघायला विक्रेते शेजारच्या गाळ्यातून माणसं बोलावत. आधी काखेत नाक खुपसून वास. मग अस्तर उलटं करून बुरशी बघायची. मग चेनचे दात, मग कोपर. नवंच जॅकेट वाळूकागदाने घासून जुनं म्हणून खपवणारे पुष्कळ असतात, पण बाईंपुढे त्यांची डाळ शिजत नसे. "हे जुनं नाही, छळलेलं आहे," असं म्हणून त्या पुढे सरकत.

आता खरी गंमत ऐका. या चौतिसांपैकी एकही जॅकेट घालून बाई कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या. ओरखडा पडला तर? दुसऱ्यांनी पाडलेला ओरखडा म्हणजे इतिहास, आणि आपण पाडलेला म्हणजे नुकसान, असा त्यांचा हिशोब होता. सणकी माणसाचा हिशोब नेहमी बरोबरच येतो.

घरात दुसरं माणूस म्हणजे थोरली बहीण, ताई. बाईंपेक्षा सात वर्षांनी मोठी. एका ऑफिसात तीस वर्षं लोकांचे फोन घेऊन ती निवृत्त झाली होती, आणि एवढी वर्षं गोड बोलून झाल्यामुळे आता तिला गोड बोलायची गरज वाटत नसे.

"छोटे, तुझ्या खोलीत घोडे बांधलेस का?" बाईंच्या दारावरून जाताना ती नाकाला पदर लावून विचारायची.

"चामड्याचा वास आहे तो, ताई."

"घोड्यांचाही तोच असतो."

तर एका सोमवारी छातीचा एक्सरे काढायला एक म्हातारे गृहस्थ आले. ऐंशीच्या घरातले, काठीसारखे ताठ. तरुणपणी ते मोटरसायकलवरून तातडीच्या तारा पोचवायचे, म्हणून सगळे त्यांना तारवाले काका म्हणत. बाईंनी नेहमीप्रमाणे कागदावरून मान वर न करता सांगितलं, "अंगातलं काढून खुंटीला लावा." मग मान वर केली आणि खुंटीकडे बघून त्यांचाच श्वास अडकला.

गडद तपकिरी, घोड्याच्या जाड चामड्याचं, आडव्या खिशाचं, पितळी चेनचं. आणि एकेक ओरखडा खरा. त्या दिवशी बाईंना एक्सरे दोनदा काढावा लागला, कारण पहिल्या वेळी "श्वास धरा" म्हणाल्या आणि "सोडा" म्हणायचं विसरल्या. काका लाल होऊन खोकायला लागले.

"बाई," दम परत आल्यावर ते म्हणाले, "तुमचं लक्ष माझ्या फुप्फुसात आहे की जॅकेटात?"

बाईंनी खरं ते सांगून टाकलं. त्याच शुक्रवारी संध्याकाळी त्या काकांच्या घरी हजर. काकांनी जॅकेट टेबलावर पसरून एकेक खूण दाखवली. या कोपराशी जुळी झाल्याची तार होती, घाईत खडीवर घसरलो. ही बाही एका बाईंच्या फाटकात अडकली, नवरा सुखरूप आहे असं कळल्यावर त्यांनी फाटकातूनच मिठी मारली होती. बाई डोळे विस्फारून ऐकत होत्या.

"काका, किंमत सांगा."

"किंमत सोडा. तीन जण येऊन गेले. सगळ्यांना भिंतीवर लावायचंय. टांगायचंच तर माझ्या घरात काय खिळे नाहीत?" काकांनी जॅकेट त्यांच्या हातात दिलं. "आठ दिवस घेऊन जा. घालून हिंडा. रविवारनंतरच्या रविवारी अकरा वाजता या. त्यावर एक नवी खूण पडलेली असली, तर जॅकेट तिचं, जिने ती पाडली. नसली, तर इथे ठेवा आणि चहा पिऊन जा."

त्यांची सून चहा ठेवतच होती. हे जॅकेट हातचं गेलं तर असलं पुन्हा मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि जॅकेटावर ओरखडा पाडायचा म्हणजे त्यांना आपल्याच गालावर पाडल्यासारखं होतं.

शनिवारी सकाळी त्या जॅकेट घालून निघाल्या खऱ्या, पण वरून पांढरा कोट चढवून. इतक्या फुगलेल्या दिसत होत्या की शिपायाने दाराच्या पायरीवर हात पुढे केला. "बाई, सूज कधीपासून आहे?" दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून अर्धा तास बागेत चालल्या, झाडांपासून लांब राहून. सोमवारी बसमध्ये जागा होती तरी उभ्याने गेल्या. मंगळवारी एका पेशंटने हातातली छत्री जराशी फिरवली, तर बाईंनी अशी उडी मारली की त्याने घाबरून छत्रीच फेकून दिली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. जॅकेट जसंच्या तसं. एवढ्या जपणुकीत ते काकांच्या घरी असतानापेक्षाही तुकतुकीत दिसायला लागलं होतं, कारण रोज संध्याकाळी बाई न राहवून त्याला तेलाचं बोट लावत होत्या.

ताईला या अटीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर ताईने भाजी चिरायच्या सुरीने पाच मिनिटांत काम करून दिलं असतं. जॅकेट बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर होतं. बाहेरून आलेलं जॅकेट आठ दिवस वेगळं ठेवायचं, बुरशी किंवा कसर नाही याची खात्री झाल्यावरच बाकीच्यांत न्यायचं, हा बाईंचा नियम होता आणि त्यात तारवाल्या काकांनाही सूट नव्हती.

शनिवारी संध्याकाळी बाई न्हाणीघरातला पाय घासायचा दगड घेऊन खुर्चीसमोर बसल्या. ओरखडा डाव्या बाहीवर पाडायचा, मनगटापासून चार बोटं वर, तिरपा, उथळ. कुठे, किती जोरात आणि वरून कोणतं पॉलिश चोपडलं की खूण खरी वाटेल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? सगळी उमर त्यांनी हीच लबाडी पकडण्यात घालवली होती. दगड चामड्याला टेकला. मग त्यांनी तो उचलून परत जागेवर नेऊन ठेवला, आणि कधी नव्हे ते जेवताना ताईशी भांडल्या. भांडण वरणात मीठ कमी यावरून झालं. मीठ नेहमीइतकंच होतं.

रविवारी सकाळी साडेसातला उठून बघतात तर खुर्ची रिकामी.

त्यांनी खुर्चीखाली पाहिलं, दारामागे पाहिलं, स्वतःच्या खोलीत चौतीस मोजली. चोर आला म्हणावं तर कडी नीट होती. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दार ढकलून ताई आत आली. एका हातात दूध, दुसऱ्या हातात पाव, गाल थंडीने लाल, आणि अंगावर हनुवटीपर्यंत चेन ओढलेलं जॅकेट.

"दोन्ही स्वेटर काल धुतले ते वाळलेच नाहीत," ताई म्हणाली. "शाल वाऱ्याला पुरत नाही. म्हटलं, हे खुर्चीवर पडलंय तर घालून जावं. अगं, काय ऊब आहे याला!"

बाईंचं लक्ष उबेकडे नव्हतं. डाव्या खांद्यावर, शिवणीच्या जरा खाली, बोटभर लांबीचा पांढुरका ओरखडा होता. ताजा. चामड्याचा कीस अजून कडेला तसाच होता.

"हे काय केलंस?" त्या किंचाळल्या.

"बेकरीचं शटर अर्धंच वर होतं. आतून पाव भाजल्याचा वास, बाहेर बारा माणसांची रांग. रोज मी उभी राहते की नाही गुपचूप? आज हे अंगात होतं. वाटलं, का म्हणून थांबायचं? वाकले आणि शटरखालून आत शिरले. तिथे घासलं असेल." ताईने पावाची पिशवी उंच धरली. "भट्टीतला पहिला आहे!"

बाईंना रडू आलं, आणि लगेच, रडता रडताच, एक विचार आला. खूण पडली! खरी, एक नंबरची, कोणत्याही दगडाला न जमणारी खूण, आणि अकरा वाजायला अजून साडेतीन तास होते. त्यांनी ताईला पटकन जवळ घेतलं. ताईला वाटलं, पावासाठीच.

"मी पण येते," सगळं ऐकल्यावर ताई म्हणाली. म्हणजे सगळं नाही. जॅकेट एका म्हाताऱ्या काकांचं आहे आणि आज दाखवायला न्यायचंय, एवढंच बाईंनी सांगितलं होतं. "दुसऱ्याची वस्तू मी खराब केली. माफी मागायला नको?"

बाईंनी पुष्कळ सांगून पाहिलं. पण तीस वर्षं फोनवर तक्रारी ऐकलेली बाई कुठे माघार घेते?

काकांनी चष्मा लावला, जॅकेट खिडकीत नेलं आणि खांद्यावरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. ताई मागच्या खुर्चीत बसली होती. बाई काकांसमोर उभ्या.

"कुणी पाडला?"

"मी," बाई म्हणाल्या. "बेकरीच्या शटरखालून जाताना."

"बरं. शटर खाली होतं, तर गेलात कशाला?"

एवढा साधा प्रश्न. पण बाईंना काही केल्या उत्तर सुचेना. जन्मात त्या कुठल्या शटरखालून गेल्या नव्हत्या, कुणाच्या पुढे घुसल्या नव्हत्या. असं माणूस का करतं हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

"भट्टीतला पहिला पाव होता!" मागून ताई म्हणाली. "आणि पुढचे बारा जण काय फक्त वास घ्यायला उभे होते, एकही हलेना. मग मीच गेले. चूक माझी आहे हो, हिला बोलू नका."

काका असे हसले की सून आतून पळत आली. हसून झाल्यावर त्यांनी जॅकेट उचललं, बाईंना वळसा घातला आणि ताईच्या खांद्यावर ठेवलं.

"खूण जिची, जॅकेट तिचं. तुमच्या बहिणीला अट ठाऊक आहे."

दोघी पायीच घरी निघाल्या. एक्सरेबाईंना हेवा वाटत होता, सरळ, कडकडीत हेवा. खोटं बोलल्याची लाजही वाटत होती. त्या चोरून शेजारी बघत होत्या. ताई खिशात हात घालून ताठ चालत होती, आणि एवढ्या वाऱ्यात खांदे आखडून न घेता चालताना त्यांनी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग हळूच त्यांच्या ध्यानात आलं, की आजवर प्रत्येक हिवाळ्यात ही दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून पाव आणायला गेली. घरात चौतीस जॅकेटं असताना. जगाच्या छातीत काय आहे ते आपण बघत बसलो आणि शेजारच्या खोलीतलं माणूस कुडकुडतंय हे दिसलं नाही, या विचाराने त्यांना चालता चालता भरून आलं.

"ताई, इतकी थंडी वाजायची तर एकदा तरी मागायचंस ना गं माझ्याकडे."

ताईने चेन आणखी दोन बोटं वर ओढली.

"तुला कधी घालताना पाहिलंच नाही, छोटे. मला वाटलं, ती घालायची नसतात."